स्टार नंतर बघा, आधी खालची नावं वाचा

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जॅझच्या एका जाडजूड गाइडबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. ज्यांनी ते वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'पेंग्विन गाइड टू जॅझ' हे रिचर्ड कुक आणि ब्रायन मॉर्टन या ब्रिटनमधल्या दोन समीक्षकांचं पुस्तक. पहिली आवृत्ती १९९२ ला आली, नववी २००८ ला. कलाकार ए टू झेड लावलेले, प्रत्येकाच्या नावाखाली त्याचे अल्बम, अल्बमला स्टार (जास्तीत जास्त चार), कोण काय वाजवतंय, कधी रेकॉर्ड झालं, आणि मग त्या दोघांचं मत. काही मोजक्या अल्बमना स्टारशिवाय एक मुकुटाची खूण पण आहे.

प्रश्न : नमस्कार ताई. माझे मामा गेले, त्यांच्या कपाटातून हे गाइड माझ्याकडे आलं. त्यांच्या सीडी मात्र कुणीतरी आधीच रद्दीत देऊन टाकल्या होत्या. मला त्यांच्यासारखा संग्रह करायचाय. मी पेन्सिल घेऊन चार स्टारवाल्या अल्बमना टिक करायला लागले तर पहिल्या दोन अक्षरांतच पन्नासच्या वर टिका झाल्या, आता घाबरायला झालंय. फक्त मुकुटवाले घेऊ का? — एक वाचक, पुणे

मामांच्या सीडी गेल्याचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण गाइड तुमच्यापर्यंत आलं ना, आणि एक आधी बघा, मामांनी त्यात कुठे काही खुणा केल्यात का, पानं दुमडलीत का, कारण असं पुस्तक वापरणारा माणूस ते कोरं ठेवत नाही, आणि तसं काही सापडलं तर माझं पुढचं सगळं बाजूला ठेवून तिथूनच सुरुवात करा.

नाही सापडलं तर ऐका. टिका करणं थांबवा. मी पण सुरुवातीला हेच केलं होतं, चार स्टार दिसले की घ्यायचं, आणि तीन वर्षांनी माझ्याकडे साठेक सीडी होत्या ज्यांचा एकमेकींशी काहीच संबंध नव्हता. एक १९२७ ची, एक १९७२ ची, एक नॉर्वेची, एक शिकागोची. प्रत्येक चांगली, पण एक ऐकून दुसरीबद्दल काही कळायचं नाही. स्टार एवढंच सांगतात की त्या कलाकाराच्या बाकीच्या कामापुढे आणि एकूण जॅझपुढे हा अल्बम त्या दोघांना कसा वाटला. त्यानंतर काय ऐकायचं हे स्टारवरून कळत नाही. मुकुट तर त्याहून खाजगी, ती त्यांची स्वतःची आवड आहे, लाडके अल्बम म्हणा ना. नंतरच्या आवृत्त्यांत त्यांनी 'कोअर कलेक्शन' म्हणून काही अल्बम वेगळे दाखवले, ती यादी जास्त कामाची आहे, पण शेवटी यादीच.

खरी वाट कुठे आहे तर अल्बमच्या नावाखाली जी बारीक अक्षरातली नावं असतात ना, ट्रम्पेट कोण, पियानो कोण, बास (ते मोठ्या व्हायोलिनसारखं उभं वाद्य) कोण, तिथे. लोक नेमकी तीच ओळ ओलांडून पुढे जातात.

एक करून बघा. ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' घ्या, तसाही तो प्रत्येकजण पहिला घेतो आणि बरोबरच आहे. न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत १९५९ च्या २ मार्चला आणि २२ एप्रिलला असा दोन बैठकांत रेकॉर्ड झालेला. पहिलंच गाणं लावा, 'सो व्हॉट'. सुरुवातीला पियानो आणि बास जरा चाचपडल्यासारखे वाजतात, ताल अजून धरलेला नसतो, आणि मग बास एकटा पुढे येऊन एक ओळ बोलतो, त्यावर पियानो दोनच सूर उत्तर देतो. परत बास, परत दोन सूर. थोड्या वेळाने ते दोन सूर ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन उचलतात. म्हणजे अख्ख्या गाण्याचा मुखडा बासवर आहे! आता खालची नावं बघा, बास : पॉल चेंबर्स. हे नाव वहीत लिहा.

आणि आता गाइडमध्ये पॉल चेंबर्स कुठे कुठे दिसतो ते शोधत सुटा. जॉन कोल्ट्रेनचा 'ब्लू ट्रेन', १९५७, बास चेंबर्स. सॉनी क्लार्कचा 'कूल स्ट्रटिन', जानेवारी १९५८, बास चेंबर्स. हँक मोब्लीचा 'सोल स्टेशन', १९६०, परत तोच. ऑलिव्हर नेल्सनचा 'द ब्लूज अँड द अ‍ॅब्स्ट्रॅक्ट ट्रूथ', १९६१, तोच. लॉस एंजेलिसचा आर्ट पेपर, त्याचा 'आर्ट पेपर मीट्स द ऱ्हिदम सेक्शन', जानेवारी १९५७, यातली ऱ्हिदम सेक्शन म्हणजे दुसरं तिसरं कोणी नाही, तेव्हाचे माइल्सचेच साथीदार, पियानोवर रेड गार्लंड, ड्रम्सवर फिली जो जोन्स आणि बासवर आपला पॉल. अवघा ३३ वर्षांचा असताना १९६९ ला गेला हा माणूस. एका साथीदाराचं बोट धरून तुमच्याकडे सहा अल्बम झाले, सहा वेगळे लीडर (ज्याच्या नावाने अल्बम निघतो तो), आणि प्रत्येकात एक ओळखीचा आवाज आहे, त्यामुळे कुठलाच अल्बम परका वाटत नाही.

यात मला सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू, तारखा. 'काइंड ऑफ ब्लू'ची दुसरी बैठक २२ एप्रिलला संपली. त्यानंतर दोन आठवडे पण झाले नव्हते तेव्हा, ४ आणि ५ मेला, 'काइंड ऑफ ब्लू'वर सॅक्सोफोन वाजवणारा तोच कोल्ट्रेन आणि तोच चेंबर्स दुसऱ्या स्टुडिओत जाऊन कोल्ट्रेनच्या 'जायंट स्टेप्स'चा मोठा भाग रेकॉर्ड करत होते. 'सो व्हॉट'मध्ये एकेका स्केलवर, म्हणजे सुरांच्या एकाच मांडणीवर, निवांत बसायचं, आणि इथे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सुरांचे गुच्छ, इतक्या भराभर बदलतात की पियानोवरचा टॉमी फ्लॅनगन, म्हणजे काय कसलेला माणूस, पण सोलो घेताना अडखळतो ते स्पष्ट ऐकू येतं. त्याच अल्बमवर 'मिस्टर पी.सी.' नावाचं एक गाणं आहे, ते कोल्ट्रेनने पॉल चेंबर्सच्या नावाने केलेलं. हे दोन अल्बम एका संध्याकाळी पाठोपाठ ऐका, मग कळेल तारीख का छापतात ते.

चेंबर्सचं झालं की त्यातून दुसरं बोट धरा. फिली जो जोन्स, नाहीतर पियानोवाला विंटन केली, 'काइंड ऑफ ब्लू'वर तो एकाच गाण्यात आहे आणि 'सोल स्टेशन'वर पूर्ण अल्बमभर. आणि स्टार कधी बघायचे? एकाच माणसाचे पाच अल्बम समोर आले आणि पैसे एकाचेच आहेत, तेव्हा. तिथे हे दोघं समीक्षक सोन्यासारखे आहेत. उदाहरणार्थ माइल्सचे प्रेस्टिज या कंपनीने काढलेले 'कुकिन', 'रिलॅक्सिन', 'वर्किन', 'स्टीमिन' हे चार अल्बम, चारही जवळजवळ सगळे १९५६ च्या मे आणि ऑक्टोबरमधल्या दोन दिवसांत वाजवलेले, बँड तोच, त्यामुळे चारही एकदम घेऊ नका, एक घ्या, मनसोक्त ऐका. मी असते तर 'रिलॅक्सिन' घेतला असता.

महिन्याला एक. आणि मामांच्या पुस्तकात समासात स्वतःची तारीख टाका, कधी घेतला, कितव्यांदा ऐकला. दुसऱ्यांदा ऐकून मत बदललं तर तेही.

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सगळं जॅझ फोनवर आहे, मग हे जुनं पुस्तक कशाला शोधायचं? आणि शोधायचंच तर कुठली आवृत्ती? — एक विद्यार्थी, कोल्हापूर

अरे, फोनवर ऐकतोस ते उत्तमच, आमच्या वेळी मुंबईला काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये जाऊन सीडी उलटसुलट करून बघायची आणि मागचं सगळं वाचून परत ठेवायची, असे माझे कितीतरी शनिवार गेलेत. ते दुकानही २०१६ ला बंद झालं. पण फोनवर एक अडचण आहे. वर जे मी लिहिलं, खालच्या नावांवरून पुढे जायचं, ती नावं बऱ्याचदा अ‍ॅपमध्ये दिसतच नाहीत, आणि साल दिसतं ते कधीकधी नव्याने बाजारात आणल्याचं असतं, १९५७ च्या अल्बमपुढे २००३ लिहिलेलं. त्यामुळे पुस्तक मांडीवर आणि फोन कानाला असं कर, दोन्ही मिळून भारी काम होतं.

आवृत्तीचं म्हणशील तर जुन्या पुस्तकांच्या दुकानात जी मिळेल ती घे. फक्त एक लक्षात ठेव, हे गाइड त्या त्या वेळी बाजारात मिळत असलेल्याच अल्बमबद्दल लिहायचं, त्यामुळे एखादा फार मोठा अल्बम तुझ्या आवृत्तीत दिसला नाही तर तो त्यांना आवडला नव्हता असं समजू नकोस, त्या वर्षी तो बाजारात नसेल. याच कारणाने काही लोक दोन-तीन आवृत्त्या बाळगतात. कुक २००७ ला गेले, आणि २०१० ला मॉर्टन यांनी त्यातले १००१ अल्बम निवडून काळाप्रमाणे लावलेलं पुस्तक काढलं. तू एकदम नवीन आहेस आणि तुला गोष्टीसारखं वाचत जायचं असेल तर ते घे, एक जॅझचा इतिहासच आहे तो. पण कुणाच्या नावाने झटकन शोधायचं तर जुनं ए टू झेडच बरं.

प्रश्न : माझे आजोबा मुंबईच्या डान्स बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. त्यांच्या तोंडी सारखं लुई आर्मस्ट्राँगचं नाव असायचं म्हणून मला त्याचं सुरुवातीचं काम घ्यायचंय, पण गाइडमध्ये एकाच संगीताचे पाच-सहा वेगळे संग्रह दिसतात, खरा अल्बम कुठला? आणि एक बाळबोध प्रश्न, एलिंग्टनच्या बँडमधला पॉल गोन्साल्विस आमच्या गोव्याचा का हो? — एक वाचक, मडगाव

खरा अल्बम नाहीच! तेव्हा अल्बम हा प्रकारच नव्हता. एलपी, म्हणजे बराच वेळ वाजणारी मोठी तबकडी, १९४८ ला आली. आर्मस्ट्राँगने शिकागोमध्ये हॉट फाइव्ह आणि हॉट सेव्हन हे बँड घेऊन जे वाजवलं ते १९२५ ते २८ मधलं, तेव्हा मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं, संपलं. त्यामुळे आज जे मिळतं ते सगळं नंतर कुणी ना कुणी गोळा करून लावलेलं आहे. आणि ते कुणी, कुठल्या तबकडीवरून, कसं उतरवून घेतलंय यावर सगळं अवलंबून असतं, संगीत तेच असून एक संग्रह ऐकवत नाही आणि दुसऱ्यात माणूस समोर उभा राहतो. खरखर काढायच्या नादात कुणी फार साफ केलं की ट्रम्पेटची वरची धार पण खरखरीबरोबर जाते आणि घोंगडीखालून ऐकल्यासारखं वाटतं, त्यापेक्षा मला थोडी खरखर चालते. मी स्वतः जेएसपी या ब्रिटिश कंपनीचा चार सीडींचा 'हॉट फाइव्ज अँड सेव्हन्स' संच सुचवीन, तो जॉन आर. टी. डेव्हिस यांनी उतरवलाय, जुन्या तबकड्यांमध्ये आयुष्य घातलेला माणूस. जुन्या जॅझच्या बाबतीत तर गाइडमधल्या स्टारपेक्षा आवाजाबद्दल त्यांनी काय लिहिलंय ते आधी वाचा.

सुरुवात 'वेस्ट एंड ब्लूज'ने करा, २८ जून १९२८. पहिले बारा-तेरा सेकंद ट्रम्पेट एकटं आहे, ना ताल ना साथ, एक जिना चढून वर जातो आणि तिथून घरंगळत खाली येतो. तुमच्या आजोबांच्या पिढीच्या ट्रम्पेटवाल्यांनी ते बारा सेकंद किती घासले असतील! चिक चॉकलेट, म्हणजे आपले गोव्याचे आंतोनिओ झेवियर वाझ, त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँगच म्हणायचे.

आणि प्रश्न अजिबात बाळबोध नाही. पॉल गोन्साल्विस, ड्यूक एलिंग्टनच्या बँडमधला सॅक्सोफोनवाला, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मला, पण घराणं केप व्हर्दे बेटांवरचं, आणि केप व्हर्दे पण गोव्यासारखीच पोर्तुगीजांची वसाहत. म्हणजे गोवेकर नाही, पण आडनाव त्याच जहाजातून आलेलं. १९६३ ला एलिंग्टनचा बँड भारतात आला तेव्हा तो बरोबर होता.

त्याचं ऐकायचं तर ७ जुलै १९५६ चा अमेरिकेतला न्यूपोर्ट जॅझ फेस्टिव्हल, 'डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू', त्याने मध्ये २७ आवर्तनं सलग सोलो घेतला, लोक खुर्च्या सोडून नाचायला लागले. पण कुठली सीडी घेताय ते बघा. जुना 'एलिंग्टन अ‍ॅट न्यूपोर्ट' हा बराचसा नंतर स्टुडिओत परत वाजवून वरून टाळ्या जोडलेला होता, आणि तो ऐतिहासिक सोलो त्यात लांबून आल्यासारखा वाटतो कारण पॉल कोलंबिया कंपनीच्या माइकऐवजी व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओच्या माइकपुढे उभा राहून वाजवत होता. पुढे रेडिओची टेप सापडली, दोन्ही जुळवली, आणि १९९९ ला 'कम्प्लीट' नावाने दोन सीडींचा संच आला. नाव तेच, मुखपृष्ठही तसंच, पण तुम्ही 'कम्प्लीट' बघूनच घ्या. तुमची गाइडची आवृत्ती १९९९ च्या आधीची असेल तर हे त्यात असणार नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. इथे जुन्या एलपी खूप मिळतात. गाइडमध्ये सगळे सीडीचे नंबर आहेत, एलपी घेताना काय बघायचं? — एक वाचक, एडिसन

नंबर सोडून द्या, ते आता कुठल्याच दुकानात जुळणार नाहीत. अल्बमचं नाव, वाजवणारे आणि रेकॉर्डिंगची तारीख एवढं जुळवा.

एलपी हातात घेऊन प्रकाशात तिरपी धरा. शेवटच्या गाण्याची चर संपते आणि कागदी लेबल सुरू होतं त्यामध्ये एक गुळगुळीत पट्टा असतो, तिथे ब्लू नोट किंवा प्रेस्टिज या कंपन्यांच्या जुन्या एलपीवर 'आरव्हीजी' किंवा 'व्हॅन गेल्डर' अशी अक्षरं कोरलेली दिसली तर ती रूडी व्हॅन गेल्डर यांनी स्वतः कापलेल्या मास्टरवरून (ज्यावरून पुढच्या प्रती काढतात ती मूळ तबकडी) आलीय. हा माणूस दिवसा लोकांचे डोळे तपासायचा, चष्म्याचे नंबर काढायचा, आणि उरलेल्या वेळात रेकॉर्डिंग. वर मी 'ब्लू ट्रेन' सांगितला ना, तो तुमच्याच न्यू जर्सीत हॅकेनसॅक गावी त्यांच्या आईवडिलांच्या घराच्या हॉलमध्ये रेकॉर्ड झालाय! १९५९ ला त्यांनी एंगलवूड क्लिफ्सला उंच लाकडी छताचा स्टुडिओ बांधला, 'सोल स्टेशन' तिथला. गाइडमध्ये एखाद्या अल्बमवर पियानोच्या आवाजाची कुरकुर दिसली तर ती पण बऱ्याचदा याच स्टुडिओबद्दल असते, काहींना त्यांचा पियानो दबलेला वाटतो, मला आवडतो.

'काइंड ऑफ ब्लू'ची जुनी प्रत महाग मिळत असेल तर एक माहीत असू द्या. २ मार्चच्या बैठकीत टेप मशीन किंचित हळू फिरत होतं, त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी परत वाजवताना जलद आणि पट्टी चढलेली वाजतात. हे १९९२ ला दुसऱ्या मशीनवरची टेप वापरून दुरुस्त केलं. तुम्ही बरोबर पेटी किंवा गिटार धरणारे असाल तर १९९२ नंतरचीच घ्या, नाहीतर सूर जुळणार नाही आणि तुम्हाला वाटेल पेटीच बिघडली.

प्रश्न : माझी आई ७१ वर्षांची, आयुष्यभर शास्त्रीय गाणं ऐकलंय, आता म्हणते मलाही तुझं जॅझ ऐकव. गाइडमधून तिच्यासाठी काय काढू? — एक वाचक, ठाणे

किती छान! तुमच्या आईसाठी अल्बम काढू नका, बंदिश काढा. 'येरी आली पियाबिन' दहा गवयांकडून ऐकताना त्यांना जे सुख मिळालं असेल तेच इथेही आहे, फक्त बंदिशीला इथे स्टँडर्ड म्हणतात. गाइड कलाकारांच्या नावाने लावलेलं असल्यामुळे गाण्याच्या नावाने शोधायला ते उपयोगाचं नाही, ते काम फोनवर करा, जे आवडलं त्या कलाकारासाठी मग गाइड उघडा.

'बॉडी अँड सोल' घ्या, जॉनी ग्रीनची चाल, १९३० ची. आधी बिली हॉलिडेचं १९४० चं गायलेलं ऐकवा म्हणजे चाल कानात बसेल, शब्द कळले नाहीत तरी चालतं. मग कोलमन हॉकिन्स, ११ ऑक्टोबर १९३९, टेनर सॅक्सोफोन. पाच वर्षं युरोपात काढून तो नुकताच परत आला होता. तीन मिनिटांत दोन आवर्तनं वाजवतो, आणि मूळ चाल सुरुवातीला थोडीशी दाखवतो की लगेच सोडून देतो, पुढचं सगळं त्याचं स्वतःचं, खाली कॉर्डचं आवर्तन तेवढं तेच फिरत राहतं. तिसरा कोल्ट्रेन, १९६० चा, 'कोल्ट्रेन्स साउंड' या अल्बमवर, तो हॉकिन्सपेक्षा चढ्या लयीत.

हॉकिन्सचं दोनदा लावा. पहिल्यांदा नुसतं ऐकू दे. दुसऱ्यांदा आईंना हातावर मात्रा धरायला सांगा : चार मात्रांचा एक बार, बत्तीस बारचं एक आवर्तन. आठ बार मुखडा, आठ बार परत मुखडा, मग सतराव्या बारला सूर एकदम दुसरीकडे जातात, तो अंतरा समजा, आणि पंचविसाव्याला परत मुखड्यावर. दुसरं आवर्तन सुरू होतं तिथे त्यांच्या तोंडून आपोआप काय निघतं ते मला नक्की लिहून पाठवा.